कर्नाळ्याची वाट कानांनी चालताना

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचं जंगल १९६८पासून पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम १२ चौरस किलोमीटर, आणि महामार्ग त्याला चिरूनच जातो. त्यामुळे हरियाल किंवा मोरटाका, कुठल्याही पायवाटेला लागा, सुरुवातीला कानात ट्रकच भरलेले असतात.

चढ लागून वाट आत वळली की आवाज मागे पडतो. मी तिथे दुर्बीण गळ्यातच ठेवून उभा राहतो. दाट झाडीत पक्षी दिसतो क्षणभर, ऐकू मात्र कितीतरी वेळ येतो. पक्ष्यांनाही पानांआडून एकमेकांचं दिसत नाही. त्यांचा बराचसा व्यवहार आवाजावरच चालतो.

पाच मिनिटं काहीच नसतं आणि एकदम झाड बोलू लागतं. सुभग, गोमेट, बुलबुल अशी वेगवेगळ्या जातींची मंडळी एकत्र किडे टिपत पुढे सरकत असतात. याला मिश्र थवा म्हणतात. त्यात बहुधा एक भृंगराज असतो, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांचे झुबके असलेला काळा कोतवाल. इतरांच्या हालचालीने उडालेले किडे तो हवेतच पकडतो आणि शिकारी पक्षी आला की ओरडून सावध करतो. शिवाय तो पट्टीचा नकलाकार. श्रीलंकेतल्या सिंहराजा जंगलात संशोधकांनी भृंगराजाचे आवाज ध्वनिमुद्रित करून वाजवले, तेव्हा नकला असलेल्या आवाजांकडे इतर पक्षी जास्त आले. म्हणजे नकला करून तो थवा जमवतो, असं दिसतं.

इशाऱ्यांमागचं भौतिकशास्त्र मला फार मोलाचं वाटतं. शिक्रा हा शिकारी पक्षी झेपावताना बरेच छोटे पक्षी बारीक, उंच पट्टीची ‘सीऽऽ’ अशी शीळ घालतात. ती हळूच सुरू होते आणि हळूच विरते. आवाज कुठून आला हे दोन कानांपर्यंत तो पोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून कळतं. ज्या आवाजाला ठळक सुरुवातच नाही, त्याचा ठाव लागणं अवघड. सोबत्यांना इशारा मिळतो, पण शिक्र्याला ओरडणारा सापडत नाही. बसलेलं घुबड दिसलं तर मात्र हेच पक्षी तुटक, कर्कश कलकलाट करतात. तो आवाज चटकन सापडतो आणि सापडावा हाच हेतू असतो, कारण सगळ्यांनी जमून घुबडाला हुसकायचं असतं.

आता पुन्हा महामार्ग. वाहनांच्या गोंगाटाची ताकद मुख्यतः खालच्या पट्टीत असते. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, हे २००३मध्ये दिसून आलं. पण भारद्वाजाचा ‘ऊप-ऊप’ घुमारा मुळातच खर्जातला. रस्त्याकडेच्या झाडीत त्याची हाक किती दूर पोचत असेल?

म्हणून इथे येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती असते : मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नका. नर त्याला घुसखोर समजतो आणि खाणं, घरटं सोडून झुंजायला येतो. गेल्या खेपेला मी वाटेवर बसूनच होतो. अचानक कुठूनशी बारीक ‘सीऽऽ’ आली आणि सगळं चिडीचूप झालं, बुलबुलसुद्धा. वर पाहिलं तर फांद्यांमधून एक राखी पाठ सरकत गेली. ती शीळ कुणी घातली होती, हे मलाही सापडलं नाही.