ट्यूब टेस्टचा डाय शिरेत गेला तर?

परवा मामेबहिणीचा फोन आला, आवाज पार रडवेला. दिवस राहत नाहीत म्हणून डॉक्टरांनी एचएसजी सांगितलीय, म्हणजे गर्भाशयात डाय (एक्स-रेवर उठून दिसणारं द्रव) सोडून ट्यूब, म्हणजे बीजवाहिन्या, मोकळ्या आहेत का ते एक्स-रेवर बघायचं, आणि तिच्या कुठल्यातरी ग्रुपवर आलंय की तो डाय शिरेत घुसून मेंदूत जातो आणि बाई टेबलावरच जाते. "दादा, खरंय का रे?" गंमत अशी की यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर असले मेसेज पळतात.

डाय शिरेत घुसतो कधीकधी. त्याला इन्ट्राव्हॅजेशन म्हणतात, शंभरात दोन-चार जणींमध्ये दिसतं. गर्भाशयाच्या भिंतीत शिरांचं जाळं असतं, त्यातला दाब अगदीच कमी, त्यामुळे ट्यूब बंद असतील आणि सिरिंज जोरात दाबली तर डायला फट मिळेल तिकडे तो जाणारच ना. नुकतं क्युरेटिंग (गर्भाशय आतून खरवडून साफ करणं) झालं असेल किंवा टीबीने अस्तर खराब असेल (आपल्याकडे हे काही दुर्मिळ नाही) तर अजून सोपं. पाळीचं रक्त थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात बोलावतात त्यात हेही एक कारण आहे.

पुढचा रस्ता ठरलेला. ओटीपोटातल्या शिरा, तिथून महाशीर, हृदयाची उजवी बाजू आणि मग फुप्फुस. फुप्फुस म्हणजे चहाची गाळणीच, आणि तिची भोकं सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आता जे आलंय ते रक्तात विरघळतं की नाही, सगळा खेळ इथे आहे. पाण्यात विरघळणारा डाय असेल तर तो रक्तात मिसळतो आणि किडनी त्याला लघवीवाटे बाहेर काढते, विषय संपला. तेलातला डाय मात्र थेंबाच्या रूपातच येतो आणि गाळणीत बसतो, यालाच ऑइल एम्बोलिझम म्हणतात, खोकला, धाप, छातीत दुखणं, आणि क्वचित खरंच मेंदूपर्यंत जातं कारण चारातल्या एकाच्या हृदयात जन्मापासूनची एक बारीक फट उघडी राहिलेली असते.

तेलाचा थेंब किंवा हवेचा बुडबुडा का अडकतो, हे मला फार आवडतं म्हणून सांगतोच. अरुंद नळीत शिरायचं तर त्याला पुढचं टोक जास्त टोकदार करावं लागतं आणि पृष्ठताण त्याला विरोध करतो, लागणारा दाब म्हणजे दोनदा पृष्ठताण भागिले त्रिज्या. हवेचा बुडबुडा, ४ मायक्रॉन त्रिज्या, रक्ताचा पृष्ठताण घालून बघा, दोनशे मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास येतं. आणि फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब? पंधरा. म्हणजे ढकलणारा पैलवान पोरसवदा आणि दार लोखंडी. तेलाचा आकडा कमी येतो, पण पंधराच्या वरच.

म्हणूनच लॅप्रोस्कोपीत (दुर्बिणीच्या ऑपरेशनात) पोट फुगवायला साधी हवा नाही, कार्बन डायऑक्साइड वापरतात. तो ऑक्सिजनपेक्षा वीसेक पट जास्त विरघळतो, थोडा शिरेत गेलाच तर बहुतेकदा वाटेतच गायब. (खूप गेला तर तोही घातकच.) आणि सलाईनच्या नळीतला तो फेमस बुडबुडा? मोठ्या माणसाला मारायला शिरेतून एकदम दोनशे-तीनशे मिली हवा लागते असा अंदाज आहे, अख्ख्या नळीत वीस मिलीसुद्धा मावत नाही. सिनेमावाले उगाच घाबरवतात.

मग तेल वापरायचंच कशाला? लिपिओडॉल म्हणजे खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडून १९०१ साली पॅरिसमध्ये केलेला डाय, आणि २०१७ ला नेदरलँड्समधल्या ट्रायलमध्ये १११९ बायकांपैकी तेलवाल्यांत ३९.७ टक्के तर पाणीवाल्यांत २९.१ टक्के जणींना सहा महिन्यांत दिवस राहिले. फरक चांगला आहे, पण यावरून कुणी "तेलाने ट्यूब धुवा, गुड न्यूज मिळवा" म्हणायला लागलं तर समजा की दुकान उघडलंय. ट्रायलमध्येही तेलवाल्यांतल्या साठ टक्के जणींना त्या सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत.

तेल असो की पाणी, हळू सोडायचं आणि स्क्रीनवर बघत राहायचं. ट्यूबऐवजी बाजूला जाळीदार रेषा भराभर वर सरकताना दिसल्या की थांबायचं.

बहिणीची टेस्ट झाली, डाय पाण्यातलाच होता, दोन्ही ट्यूब मोकळ्या. भावजींची वीर्यतपासणी मात्र अजून बाकी आहे, त्यांना म्हणे वेळच मिळत नाहीये.