नाग नदी अंबाझरीतून निघत नाही

‘नाग नदी अंबाझरी तलावातून निघते’ हे नागपुरात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं नाही. तिचा उगम पश्चिमेला, वाडीपलीकडच्या लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत आहे. अंबाझरी हा बांध घालून केलेला तलाव, १८७०च्या सुमाराचा. नदी त्याच्या कितीतरी आधीची. उगमाकडचा खडक काळा बसाल्ट. पावसाचं पाणी त्याच्या भेगांत मुरतं, ओहळांनी खाली येतं, आणि उन्हाळ्यात वरचा प्रवाह आटतो. म्हणून काय तिला नाला म्हणायचं? शहरात भर मे महिन्यात वाहतं ते मुख्यतः आपलं सांडपाणी! त्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासे तगत नाहीत; गाळात वळवळतात त्या कमी ऑक्सिजनवर जगणाऱ्या लालभडक अळ्या. पुढे पिवळी नदी मिळते, मग कन्हान, आणि ही घाण वैनगंगेच्या वाटेला लागते.