लाकडी दस्त्याची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल निवडताना

शिकारीची पहिली रायफल घ्यायला येणारा ग्राहक बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतो: काडतूस कोणते घेऊ? आम्ही त्याला आधी रायफल खांद्याला लावायला सांगतो. काडतुसाचे पाच मिनिटांत ठरते. दस्ता अंगाला बसला नाही, तर मात्र उत्तम नळी आणि नेमासाठी रायफलीवर बसवायची महागडी दुर्बीणही कामाची नाही. म्हणून या पत्रकात दस्त्याबद्दल जास्त आणि बाकीच्याबद्दल बेताचे लिहिले आहे. शस्त्राचा परवाना आणि शिकारीचा परवाना या दोन्हींची बाजू आधी पक्की करा, मग निवडीला बसा.

खांद्याला लावून बघा

बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, मागे ओढा, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही चाचपा. रायफल रिकामी आहे याची खात्री झाली की नळी सुरक्षित दिशेला धरा, डोळे मिटा आणि नेहमीच्या सवयीने रायफल खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवा. आता डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर दस्ता तुमचा. काळी कड दिसली, मान ताणावी लागली किंवा गाल उचलावा लागला, तर नाही. हे सहा-सात वेळा करा. पहिल्या वेळी माणूस नकळत स्वतःच रायफलीशी जुळवून घेतो, खरे काय ते चौथ्या-पाचव्या वेळी कळते.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी कारखान्यातून येणाऱ्या रायफलींत साधारण साडेतेरा इंच, म्हणजे ३४ सेंटिमीटर असते. लांब हातांच्या माणसाला ती कमी पडते, लहान चणीच्या माणसाला जास्त होते. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर आम्ही किंचित आखूड दस्ता घ्या म्हणतो, कारण लांब दस्ता जाड कोट घातल्यावर काखेत अडकतो आणि जनावर समोर असताना तो सोडवत बसायला वेळ नसतो. फारच आखूड झाला तर अंगठा नाकावर आदळतो, तेही लक्षात ठेवा.

दस्त्याची वरची कड, जिथे गाल टेकतो, ती जुन्या रायफलींत बरीच खाली उतरलेली असते. त्या रायफली नळीवरच्या उघड्या साइटने नेम धरण्यासाठी बनलेल्या. त्यांवर दुर्बीण चढवली की डोळा वर जातो, गाल अधांतरी राहतो आणि धक्क्याच्या वेळी तीच कड उसळून गालफडावर लागते. दुर्बीण वापरणार असाल तर वरची कड जवळपास सरळ असलेला दस्ता घ्या. धक्काही त्यात सरळ खांद्यात जातो. दुर्बीण डोळ्यापासून आठ-नऊ सेंटिमीटरवर राहील अशी बसवा, नाहीतर पहिलाच बार झाडताना, म्हणजे पहिल्याच गोळीला, भुवई फुटते.

लाकूड वाचायला शिका

चांगल्या रायफलीचे दस्ते बहुतेक अक्रोडाचेच का? ते ताकदीच्या मानाने हलके असते, धक्का पेलते, नीट वाळले की फारसे वेडेवाकडे होत नाही आणि त्यावर पकडीची बारीक जाळीदार नक्षी कोरली तर तिचे दाणे तुटत नाहीत. बीच आणि बर्च ही लाकडे स्वस्त आणि मजबूत. सैनिकी रायफलींत ती भरपूर वापरली गेली. बीच मात्र दमटपणात अक्रोडापेक्षा जास्त हलते. पातळ थर चिकटवून केलेले लॅमिनेट सर्वांत स्थिर, पण वजनाला जड. सतत पावसात फिरणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

आता रायफल उजेडात धरा आणि मूठ पाहा. चापाच्या मागची, तळहाताने धरायची ती बारीक जागा. दस्ता मोडतो तो इथेच. लाकडाच्या रेषा मुठीच्या उतारासोबत, तिच्या लांबीतून गेल्या पाहिजेत. रेषा मुठीला तिरप्या कापून वरून खाली जात असतील, तर ते लाकूड कितीही देखणे असो, रायफल खाली ठेवा. दोन्ही बाजू पाहा, वरूनही पाहा. लाटालाटांची, ज्वाळेसारखी नक्षी मागच्या रुंद भागात शोभते आणि तिथे ती निर्धोक असते. मुठीत आणि नळीखालच्या पुढच्या भागात मात्र साध्या, सरळ रेषाच हव्यात. तकतकीत नक्षीवर भाळून मुठीकडे दुर्लक्ष करणारे ग्राहक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांचे चिरलेले दस्ते जोडूनही दिले आहेत.

एक गोष्ट दुकानात क्वचितच कोणी तपासतो. मागच्या रबरी पॅडचे दोन स्क्रू काढून आतले लाकूड पाहायला सांगा. बाहेरून आरशासारखे पॉलिश आणि आत कोरे लाकूड, असे बऱ्याचदा निघते. ओल शिरते ती याच उघड्या टोकातून आणि नळीखालच्या खाचेतून. कोरे असेल तर घाबरू नका. तेलाचे दोन-तीन पातळ हात दिले की काम होते, फक्त ते पहिल्या ओल्या मोसमाआधी करा.

नळी आणि लाकूड यांची बैठक

लाकूड ओल घेते, फुगते, सुकते, आकसते. नळीला ते एका बाजूने दाबू लागले की काल जुळवलेला नेम आज दोन बोटे सरकतो आणि माणूस दुर्बिणीला दोष देत बसतो. कागदाची एक पट्टी नळी आणि लाकूड यांच्या फटीत घालून पुढच्या टोकापासून रिसीव्हरपर्यंत, म्हणजे ज्यात नळी बसते आणि बोल्ट सरकतो त्या पोलादी भागापर्यंत, सरकवा. विनाअडथळा सरकली तर नळी मोकळी आहे. काही बनावटींत दस्त्याच्या पुढच्या टोकाला मुद्दाम थोडा दाब ठेवलेला असतो. पट्टी फक्त तिथेच अडली आणि पुढे मोकळी गेली तर तो दोष नव्हे. मध्येच एका बाजूला अडली तर मात्र लाकूड घासावे लागेल.

रिसीव्हरच्या खाली एक पोलादी ठोकळा असतो, त्याला रिकॉइल लग म्हणतात. सगळा धक्का तो लाकडाला देतो. त्याची मागची बाजू लाकडाला सपाट, पूर्ण टेकलेली हवी. याउलट रिसीव्हरच्या मागच्या शेपटीच्या पाठीमागे केसभर फट हवी. ती फट नसेल तर प्रत्येक बाराला शेपटी पाचरीसारखी मुठीत घुसते आणि एक दिवस तिथून उभी चीर निघते. लगभोवती इपॉक्सीची (घट्ट होणाऱ्या चिकट राळेची) बैठक आणि स्क्रूंभोवती धातूच्या नळ्या बसवल्या की लाकडी दस्ताही फार स्थिर होतो. बाहेरून यातले काहीच दिसत नाही.

बोल्ट

आजच्या बहुतेक शिकारी बोल्ट रायफलींचे मूळ पाउल माउझरच्या १८९८ च्या रायफलीत सापडते. बोल्टच्या पुढे दोन मजबूत लग, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर त्याला अडकवून ठेवणारे दात (वरच्या रिकॉइल लगहून वेगळे), मागे आणखी एक राखीव, आणि काडतुसाची कड मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या पेटीतून, वर येतानाच पकडणारा लांब पोलादी पंजा. काडतूस एकदा पंजात आले की बाहेर फेकले जाईपर्यंत सुटत नाही, रायफल आडवी असो की उलटी. काडतुसाचे कवच फाटलेच, तर उसळणारा गॅस तोंडावर न येता बाजूला जावा यासाठी बोल्टला भोके ठेवलेली आहेत. १९३६ मध्ये आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० ने हाच पंजा घेतला. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी तो काढला, आणि म्हणूनच त्याआधीच्या रायफली आजही शोधून घेतल्या जातात. पुढे कंपनीने तो परत आणला.

दुसरी पद्धत काडतूस नुसते पुढे ढकलते आणि बोल्ट बंद झाल्यावर पकडते. १९६२ ची रेमिंग्टन ७०० अशीच. ती कमी दर्जाची मुळीच नाही. हरीण-रानडुकरासाठी दोन्ही उत्तम. समोरचे जनावर अंगावर येऊ शकत असेल तर मात्र आम्ही पंजावाली सुचवतो. पंजावाल्या जुन्या रायफलीत सुटे काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट रेटू नका. ते मॅगझिनमधूनच भरायचे, नाहीतर पंजाचे टोक तुटते.

चाप शिकारीसाठी साधारण दीड किलोच्या दाबाला, न घसटता सुटणारा हवा. थंडीत बधिरलेल्या बोटांना त्याहून हलका चाप धोक्याचा.

काडतूस, थोडक्यात

.३०८ विंचेस्टर १९५२ चे, .३०-०६ स्प्रिंगफील्ड १९०६ चे, .२७० विंचेस्टर १९२५ चे, आणि ७×५७ माउझर तर १८९२ चे. मध्यम जनावरांसाठी यांतले कोणतेही पुरते. .३०८ ची लांबी ७१ मिलिमीटर, .३०-०६ ची सुमारे ८५, त्यामुळे .३०८ ची रायफल थोडी आखूड आणि हलकी होऊ शकते. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना भेट मिळालेली .२७५ रिग्बी बोल्ट रायफल याच ७×५७ काडतुसाची होती, नाव तेवढे इंग्रजी पद्धतीचे. .३०० विंचेस्टर मॅग्नमचा धक्का त्याच वजनाच्या .३०८ च्या सुमारे दीडपट असतो. धक्क्याला भ्यालेला माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, आणि जखमी जनावर झाडीत निघून जाते. पहिली रायफल म्हणून मॅग्नम मागणाऱ्याला आम्ही थांबवतो, विक्री गेली तरी चालेल.

जुनी रायफल घेत असाल तर

चांगली जुनी रायफल मिळणे हे भाग्य, पण ती तपासल्याशिवाय घेऊ नका. नळीवर ज्या काडतुसाचा शिक्का आहे, तेच वापरायचे. चेंबर आणि हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाला मिळणारी जागा) गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडून, गेजने मोजून घ्या. स्प्रिंगफील्ड १९०३ च्या सुरुवातीच्या क्रमांकांच्या काही रिसीव्हरांचे पोलाद चुकीच्या तापवणीमुळे ठिसूळ झाले होते. त्या रायफली गोळी झाडण्यासाठी नाहीत, भिंतीवरच शोभतात.

सेफ्टीची परीक्षा अशी: रिकामी रायफल, बोल्ट बंद, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढून सोडा. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. फायरिंग पिन सुटल्याचा आवाज आला तर ती रायफल दुरुस्तीशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये.

मुठीजवळचे लाकूड काळपट, तेलकट दिसते का, तेही पाहा. वर्षानुवर्षे तेल लावून रायफल नळी वर करून उभी ठेवली की तेल मागे ओघळून मुठीत मुरते आणि लाकूड मऊ करते. एका ग्राहकाने आणलेल्या वडिलोपार्जित रायफलीची मूठ नखाने दाबली तर खूण उमटत होती. म्हणून साफसफाईनंतर पहिली रात्र रायफल नळी खाली करून ठेवा.

घरी नेल्यावर

दस्त्याला जवसाचे उकळलेले तेल द्यायचे ते थेंबांनी. तळहाताने ऊब येईपर्यंत चोळा, उरलेले पुसून घ्या, पूर्ण सुकल्यावरच दुसरा हात. पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेतो. त्या उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. पोचा पडला, पण लाकडाचे तंतू तुटले नसतील, तर त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवा. वाफेने लाकूड बहुतेक वेळा वर येते. चीर असेल तर स्वतः डिंक भरू नका, आमच्याकडे आणा.

निवडीला येताना शिकारीला घालता तोच कोट, तेच हातमोजे आणि चष्मा असेल तर तोही घेऊन या. रायफल त्या कपड्यांत खांद्याला बसली पाहिजे.