पाळीव भुंग्यांवरील माइट

छंद म्हणून पाळलेल्या शिंगधारी आणि सांबरशिंगी भुंग्यांच्या अंगावर व त्यांच्या डब्यात आढळणारे सूक्ष्म अष्टपाद जीव, आणि त्यांचा बंदोबस्त. माइट हे कीटक नसून कोळी व गोचीड यांच्या वर्गातले आहेत. भुंगे पाळण्याचा छंद सर्वांत रुजला तो जपानमध्ये. तेथे उन्हाळ्यात मुले ‘काबुतोमुशी’ (ट्रायपॉक्सिलस डायकोटोमस हा शिंगधारी भुंगा) आणि ‘कुवागाता’ (डॉर्कस व इतर प्रजातींचे सांबरशिंगी भुंगे) रानातून पकडून आणतात किंवा दुकानातून विकत घेतात. त्यामुळे या विषयाचे बरेचसे व्यावहारिक ज्ञानही तेथेच जमा झालेले आहे.

भुंग्याच्या पायांच्या सांध्यांत, तोंडाखाली किंवा पोटाच्या वळ्यांत फिकट तपकिरी दाण्यांचा थर दिसला की पाळणारा घाबरतो व ते रक्त शोषणारे परजीवी आहेत असे समजतो. बहुतेक वेळा ही समजूत चुकीची असते. हे माइट भुंग्याला खात नाहीत. ते त्याचा वाहन म्हणून उपयोग करतात. रानात ओकच्या खोडातून आंबूस रस झिरपतो, त्यावर भुंगे जमतात आणि त्याच रसातील यीस्ट व जिवाणूंवर हिस्टिओस्टोमॅटिडी कुळातील माइट वाढतात. रस आटू लागला किंवा गर्दी वाढली की या माइटांची पिल्ले ड्यूटोनिंफ नावाच्या एका खास अवस्थेत जातात. या अवस्थेत त्यांना खाण्याजोगे तोंड नसते, अंगावरचे कवच टणक होते आणि पोटाच्या मागच्या बाजूला चूषकांची एक तबकडी तयार होते. या तबकडीने ती भुंग्याला चिकटतात, त्याच्याबरोबर दुसऱ्या रसाच्या जागी पोहोचतात, तेथे उतरतात, कात टाकतात आणि पुन्हा खाऊ लागतात. पाळीव भुंग्याच्या डब्यात उतरायला दुसरी जागाच नसते. म्हणून तीच पिल्ले त्याच डब्यात वाढतात, पुन्हा त्याच भुंग्यावर चढतात आणि संख्या फुगत जाते.

थोडे माइट निरुपद्रवी असले, तरी संख्या फार वाढल्यावर श्वासरंध्रांभोवती व तोंडाच्या अवयवांवर त्यांचा थर बसतो, सांधे जड होतात आणि भुंगा बेचैन होऊन खाणे कमी करतो. काबुतोमुशीचे प्रौढ आयुष्य मुळातच दोन-तीन महिन्यांचे असते, त्यामुळे म्हातारा भुंगा मंदावला की त्याचे खापर माइटांवर फोडले जाते. काही डॉर्कस भुंगे मात्र अनेक वर्षे जगतात आणि त्यांच्या बाबतीत हा त्रास खरोखर दखल घेण्याजोगा ठरतो.

अंग साफ करण्याची रूढ पद्धत साधी आहे. भुंग्याला छातीच्या दोन्ही बाजूंनी, किंवा काबुतोमुशीचा नर असल्यास छातीवरच्या लहान शिंगाला धरून, कोमट पाण्याच्या बारीक धारेखाली मऊ दातघासणीने सांधे, पोट व तोंडाखालचा भाग हलकेच घासतात आणि लगेच टिपून कोरडे करतात. चूषकांनी चिकटलेली पिल्ले नुसत्या पाण्याने निघत नाहीत, घासावेच लागते. पाठीवरचे कठीण पंख जबरदस्तीने उचलू नयेत, आणि घरगुती कीटकनाशक अजिबात वापरू नये, कारण ते भुंग्यालाही मारते. ड्यूटोनिंफ अवस्था मात्र कोरडेपणा व अनेक रसायने या दोन्हींना इतर अवस्थांपेक्षा कमी दाद देते.

घासणे हा तात्पुरता उपाय आहे, खरे काम डब्यात करावे लागते. उरलेली जेली (भुंग्यांचे तयार खाद्य) किंवा केळ्याचे तुकडे आंबण्यापूर्वी काढावेत, कलिंगडासारखी पाणीदार फळे टाळावीत आणि लाकडाच्या भुशाचा थर पूर्ण बदलावा. नवा भुसाही काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच वापरणे सुरक्षित, कारण पुष्कळदा माइट त्याच्यातूनच येतात. प्रौढ भुंग्यांसाठी जपानमध्ये सूचिपर्णी झाडांच्या लाकडाचा भुसा वापरतात, कारण त्यात माइट फारसे वाढत नाहीत. अळ्यांना मात्र तो चालत नाही, त्यांना रुंदपर्णी लाकडाचा कुजवलेला भुसाच लागतो. वरती केळ्याची साल ठेवून तिच्यावर जमलेले माइट सालीसकट फेकणे ही युक्ती संख्या कमी करते, संपवत नाही. स्ट्रॅटिओलॅलॅप्स सिमिटस हा मातीत राहणारा शिकारी माइट सोडण्याचीही प्रथा आहे. तो लहान माइट खातो आणि भुंग्याला इजा करत नाही. कोषावस्थेतील भुंग्याला मात्र माइट दिसले तरी हात लावू नये. कोषाची पोकळी मोडल्यास होणारे नुकसान माइटांपेक्षा मोठे असते. सांबरशिंगी भुंग्यांच्या अळ्यांसाठी बुरशी वाढवलेल्या बाटल्या वापरतात, तेथे बुरशी खाणारे माइट शिरले तर अळीचे अन्नच नासते. अशी बाटली टाकून देणेच बरे.

काही माइट मात्र वाटसरू नसून भुंग्याचे कायमचे रहिवासी असतात. कॅनेस्ट्रिनिइडी कुळातील कोलिओप्टेरोफॅगस बर्लेसी हा माइट डॉर्कस भुंग्याच्या कठीण पंखांखाली सगळे आयुष्य काढतो. जपानी छांदिष्ट त्याला ‘कुवागाता-नाकासे’, म्हणजे कुवागाताला रडवणारा, म्हणतात. १९९९ मध्ये जपानने वनस्पती संरक्षण कायद्याखालील निर्बंध सैल केले आणि परदेशी भुंग्यांची आयात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. आग्नेय आशियातील भुंग्यांबरोबर त्यांचे माइटही आले, आणि ते स्थानिक भुंग्यांवर गेले तर काय होईल हा प्रश्न जपानी संशोधकांनी पुढे अभ्यासाला घेतला. त्यामुळे वेगवेगळ्या देशांतले भुंगे एका डब्यात ठेवू नयेत, घासणी व चिमटा वेगळा ठेवावा, आणि वापरलेला भुसा बागेत न टाकता गोठवून किंवा उकळते पाणी ओतून मगच कचऱ्यात द्यावा.