तोटा विक्रमी, भावही चढा: इंडिगोच्या शेअरमागची गोष्ट

जून २०२१ च्या तिमाहीत इंडिगो चालवणाऱ्या इंटरग्लोब एव्हिएशनला ३,१७४ कोटी रुपयांचा तोटा झाला. तोवर एका तिमाहीत एवढा फटका या कंपनीला कधी बसला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात शेअरने दोन हजारांचा टप्पा पार केला आणि नोव्हेंबरात तो २,३०० च्या वर गेला. कोविडचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं, विमानं भरून जात होती, त्या ऑगस्ट २०१९ मध्ये हाच शेअर १,९०० च्या आत होता. त्यामुळे २०२१ च्या दिवाळीत दलाल स्ट्रीटवर आणि मुंबईतल्या दलालांच्या कचेऱ्यांमध्ये एकच वाद रंगला होता: महामारीने झोडपलेल्या कंपनीला हा भाव परवडतो कसा?

या वादाची मुळं कोविडच्या बरीच आधीची आहेत, आणि ती मुंबईतच आहेत.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तिथून भारतीय नागरी विमानसेवेचा हिशेब सुरू होतो. १९४६ साली टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया ही पब्लिक कंपनी झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढची चाळीस वर्षं सामान्य गुंतवणूकदाराला विमान कंपनीचा शेअर घेण्याची सोयच उरली नाही. नव्वदीत आकाश खुलं झालं, १९९४ मध्ये जुना एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त अशी नावं आली आणि काही वर्षांत गेलीही. मोदीलुफ्तची विमानं १९९६ मध्ये थांबली, पण शेअर बाजारात नोंदलेली कंपनी कागदावर जिवंत राहिली. आधी रॉयल एअरवेज आणि २००५ मध्ये स्पाइसजेट, असा तिचा पुनर्जन्म झाला. आपल्याकडे विमान कंपनीपेक्षा तिचा शेअर जास्त जगतो, याचा हा पहिला नमुना.

खरी चटक लावली ती जेट एअरवेजने. २००५ च्या सुरुवातीला जेटने १,१०० रुपये दराने शेअर विकले आणि सुमारे १,९०० कोटी उभे केले. ‘देश श्रीमंत होतोय, लोक उडणारच’ हा युक्तिवाद तेव्हाचाच, आणि आजही तोच ऐकू येतो. त्यात खोट नाही, प्रवासी वाढलेच. पण प्रवासी वाढणं वेगळं आणि भागधारकाच्या हाती काही उरणं वेगळं. पुढच्याच वर्षी एअर डेक्कनच्या विक्रीला गिऱ्हाईक मिळेना, मुदत वाढवावी लागली, दर खाली आणावा लागला. २००७ मध्ये किंगफिशरने तिच्यात हिस्सा घेतला, दोन्ही कंपन्या एक झाल्या, आणि डेक्कनचे शेअर धरून बसलेले लोक आपोआप किंगफिशरचे भागधारक झाले.

मूल्यांकनाच्या चुका फक्त हौशी लोक करतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी २०११ साल आठवावं. स्टेट बँकेच्या पुढाकाराखालच्या बँकांनी किंगफिशरच्या थकलेल्या कर्जाचा काही भाग शेअरमध्ये बदलून घेतला, तोही सुमारे ६४ रुपये दराने. तेव्हाच्या बाजारभावापेक्षा हा दर ६० टक्क्यांहून जास्त होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं जमिनीवर आली ती कायमची. विलेपार्ल्याचं किंगफिशर हाऊस बँकांनी २०१६ मध्ये लिलावाला काढलं तेव्हा राखीव किंमत १५० कोटी होती. बोली आली नाही. लिलाव पुन्हा पुन्हा फसले आणि अखेर २०२१ मध्ये ते ५२ कोटींना गेलं. विमानतळाला लागून असलेली जागा, मुंबईतली, आणि तिचीही ही गत.

मग १७ एप्रिल २०१९ ला जेट थांबली. माझ्या मते इंडिगोच्या आजच्या भावाची गोष्ट समजून घ्यायची तर कोविडपेक्षा या तारखेपाशी थोडं जास्त थांबायला हवं. सांताक्रुझच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच चालते. तासाला विमानं किती उतरणार आणि किती उडणार याचा आकडा ठरलेला असतो, आणि त्यातली एकेक वेळ, म्हणजे स्लॉट, सोन्याच्या भावाची. नव्या कंपनीने कितीही विमानं आणली तरी मुंबईत सकाळी सातचा स्लॉट तिला मिळत नाही. कुणीतरी तो सोडावा लागतो. जेटने आपखुशीने नाही, पण सोडला. तिच्या मुंबई-दिल्लीतल्या वेळा इतर कंपन्यांना वाटल्या गेल्या, त्यात इंडिगो होती. एक कंपनी मेली की दुसरीचं मूल्य वाढतं, हे बाजाराने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

इंडिगो तोवर वेगळ्याच गणितावर मोठी झाली होती. राहुल भाटिया आणि राकेश गंगवाल यांनी २००५ मध्ये, एकही उड्डाण व्हायच्या आधी, एअरबसकडे शंभर विमानं मागवली. घाऊक मागणीमुळे सवलत भरघोस मिळते. विमान ताब्यात आलं की ते भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचं आणि तिच्याकडूनच काही वर्षांसाठी भाड्याने घ्यायचं. विक्रीत पैसा सुटतो, कर्ज तेव्हा ताळेबंदावर दिसत नसे, आणि विमान जुनं व्हायच्या आत परत जातं. दरमहा भाडं भरणाऱ्या पण स्वतःचा फ्लॅट नसलेल्या मुंबईकरासारखं हे आहे: हातात रोकड खेळती, डोक्यावर करार. २०१५ च्या अखेरीस ७६५ रुपयांना शेअर बाजारात आला तो याच रचनेच्या जोरावर. एप्रिल २०१९ पासून हिशेबाचा नवा नियम लागू झाला आणि हे भाडेकरार देणं म्हणून ताळेबंदावर दाखवावे लागले. ही देणी बहुतेक डॉलरमध्ये. रुपया घसरला की विमान न उडवताही तोटा दिसतो.

आणि मग मार्च २०२०. २५ तारखेपासून देशातली प्रवासी विमानं थांबली. भाडं थांबलं नाही. इंडिगोचा शेअर आठशेच्या आसपास आला, म्हणजे साडेचार वर्षांपूर्वीच्या विक्रीदराजवळ. दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, सेवा सुरू झाली ती एक तृतीयांश क्षमतेने आणि सरकारने ठरवलेल्या तिकीटदरांत. करोनाने बेजार झालेल्या मुंबईसाठी राज्य सरकारने दिवसाला २५ उड्डाणं आणि २५ आगमनं एवढीच मुभा दिली. जुलैत कंपनीने दहा टक्के कर्मचारी कमी करायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये नवे शेअर विकून ४,००० कोटी उभारायला संचालक मंडळाने मंजुरी दिली.

ही विक्री झालीच नाही, आणि वादाचा अर्धा निकाल इथेच लागतो.

महामारीत जगभरच्या विमान कंपन्यांनी सरकारकडून मदत घेतली, नवे शेअर काढले, कर्ज वाढवलं. शेअरची संख्या वाढली की जुना भाव परत येणं म्हणजे जुनं मूल्य परत येणं नव्हे; तोच भाव आता कितीतरी मोठ्या कंपनीचा झालेला असतो. ‘अजून जुन्या उच्चांकाच्या खाली आहे, म्हणजे स्वस्त’ असं म्हणणाऱ्यांची बहुतेक चूक इथे होते. इंडिगोचे शेअर मात्र साडेअडतीस कोटींच्या आसपासच राहिले. मार्च २०२० अखेर तिच्याकडे सुमारे २०,४०० कोटी रोकड होती, त्यातले जवळपास ९ हजार कोटी मोकळे. देशातल्या दुसऱ्या कुठल्याही खाजगी विमान कंपनीकडे एवढी उशी नव्हती.

दुसरा अर्धा निकाल एवढा सोपा नाही. शेअर वाढले नाहीत, पण देणी वाढली: भाडेकरार धरून एकूण कर्ज मार्च २०२० मध्ये सुमारे २२,७०० कोटी होतं, ते मार्च २०२२ पर्यंत ३६,९०० कोटींच्या घरात गेलं. २०२०-२१ चा तोटा ५,८०६ कोटी, त्यापुढच्या वर्षीचा ६,१६२ कोटी. नक्त मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारं, आधी शून्याला टेकलं, मग उणे झालं. नफाच नाही तर पी-ई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट, काढणार कशाचा, आणि पुस्तकी मूल्य उणे असेल तर त्याच्या किती पट भाव हे बोलणंही फोल. शिवाय एक भागीदार बाहेर पडायच्या वाटेवर होता. २०१९ मध्ये गंगवालांनी भाटियांविरुद्ध थेट शेअर बाजाराची नियंत्रक असलेल्या सेबीचं दार ठोठावलं होतं; फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी संचालकपद सोडलं आणि पाच वर्षांत हिस्सा टप्प्याटप्प्याने कमी करणार असल्याचं जाहीर केलं. बाजारात असा सततचा विकणारा असला की भाव सहसा दबतो.

तरी तो चढला, कारण घेणारे ताळेबंद बघत नव्हते. ते बघत होते की शेवटी उरणार कोण.

त्यात भाबडेपणाही भरपूर होता, हे सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये देशात शेअर ठेवायची सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती, दोन वर्षांत ती नऊ कोटींजवळ गेली. घरी बसलेल्या या नव्या पिढीने काय काय घेतलं! जेटचं एकही विमान उडत नव्हतं, कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत होती, आणि २०२० च्या अखेरीस तिचा शेअर शंभरीपार गेला. नव्या मालकाच्या योजनेत जुन्या भागधारकाच्या वाट्याला जवळपास काहीच राहत नाही, हे वाचायची तसदी फार थोड्यांनी घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेट मोडीत काढण्याचा आदेश दिला. महाग शेअर म्हणजे काय ते तिथे बघावं.

वाडिया समूहाच्या गोएअरने मे २०२१ मध्ये गो फर्स्ट असं नाव घेऊन ३,६०० कोटींच्या विक्रीचा मसुदा दाखल केला. सेबीने परवानगी दिली, पण विक्री झाली नाही. मे २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांवर बोट ठेवत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ती विक्री झाली असती तर आणखी काही लाख घरांत हा शेअर पडून असता. स्पाइसजेट तगली, पण कशी? सप्टेंबर २०२४ मध्ये ६१ रुपये ६० पैशांना शेअर विकून तिने ३,००० कोटी आणले, आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ झाला.

प्रॅट अँड व्हिटनीच्या याच इंजिनांनी इंडिगोचीही डझनावारी विमानं जमिनीवर बसवली, तरी मैदान रिकामं होत गेलं. देशांतर्गत प्रवाशांतला तिचा वाटा कोविडआधी निम्म्याच्या खाली होता, तो साठ टक्क्यांवर गेला. २०२२-२३ चा तोटा ३०६ कोटींवर आला, २०२३-२४ मध्ये ८,१७२ कोटी नफा झाला. जून २०२३ मध्ये तिने एका दमात पाचशे एअरबस मागवल्या. गंगवाल कुटुंब विकत राहिलं आणि भाव त्यांच्या विक्रीतूनही वर जात राहिला. २०२१ मध्ये २,३०० ला ‘फारच महाग’ म्हणून सोडलेला शेअर २०२५ च्या ऑगस्टमध्ये सहा हजारांपलीकडे होता.

म्हणून २०२१ चे टीकाकार चुकले, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासमोरच्या आकड्यांवर तो भाव महागच होता. घेणाऱ्यांनी पैज लावली होती ती इतरांच्या मरणावर, आणि ती लागली. इतिहासात अशीच पैज जेटवर आणि किंगफिशरवरही लावली गेली होती.

सप्टेंबर २०२५ अखेर इंडिगो निफ्टी निर्देशांकात आली. डिसेंबरच्या सुरुवातीला वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी अपुरी पडली, हजारो उड्डाणं रद्द झाली, मुंबईच्या टर्मिनलमध्ये बॅगांचे ढीग लागले, आणि शेअर काही दिवसांत पाच हजारांच्या खाली आला. त्याच महिन्यात ती सेन्सेक्समध्येही दाखल झाली, म्हणजे आता निफ्टी किंवा सेन्सेक्सच्या इंडेक्स फंडाची एसआयपी असलेल्या प्रत्येकाकडे ती थोडी थोडी आहे, त्याला भाव पटो वा न पटो. आणि २५ डिसेंबरला नवी मुंबईहून प्रवासी विमानं सुटू लागली. सांताक्रुझच्या स्लॉटची टंचाई त्यामुळे किती सैल होते, यावर इंडिगोच्या भावातला मुंबईचा वाटा पुन्हा मोजावा लागेल.