पाच जिफी म्हणजे किती?

कुपवाड एमआयडीसीत आम्ही उसाच्या ठिबक सिंचनाचा कंट्रोलर बनवतो. परवा त्याच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सेन्सर चालवणाऱ्या लिनक्सच्या कोडमध्ये, एक ओळ सापडली. टायमर पाच जिफींनी (जिफी म्हणजे टायमरच्या दोन ठोक्यांमधला वेळ) लावलेला आणि शेजारी कॉमेंट, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठी टीप: ‘50 मिलिसेकंद थांब’. बोर्डावर एचझेड, म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके, आहे 250, म्हणजे थांबणं जेमतेम 20 मिलिसेकंदांचं. तेवढ्यात प्रेशर सेन्सर स्थिरावत नाही. कॉमेंटवर भरवसा ठेवून दोन दिवस आम्ही सेन्सरलाच शिव्या घातल्या.

लिहिणारा चुकला नव्हता. लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, 2.4 मालिकेत साध्या पीसीवर टायमरचा ठोका सेकंदाला 100 वेळा पडायचा. 2.6 मध्ये ते 1000 झाले. 2005 साली 2.6.13 मध्ये आकडा ज्याचा त्याने निवडायचा ठरला; न निवडल्यास 250. कॉमेंट मात्र शंभरावरच थांबली. एसटीची फेरी बंद होते, पण स्टँडवरच्या फलकावर ती वर्षानुवर्षं सुटतच राहते, तसं.

पुढे 2006 मध्ये नॅनोसेकंदांचा हिशेब ठेवणारे हायरेझोल्यूशन टायमर आले. खरी उलथापालथ 2016 ची, कर्नलवर काम करणाऱ्या थॉमस ग्लायक्सनर यांनी 4.8 आवृत्तीसाठी टायमरचं चक्र, म्हणजे लावलेले टायमर मुदतीनुसार कप्प्यांत ठेवणारी रचना, नव्याने लिहिलं तेव्हाची. जुन्या चक्रात लांबच्या मुदतीचे टायमर मागच्या कप्प्यात असत आणि मुदत जवळ आली की पुढच्या कप्प्यात हलवले जात. पण नेटवर्कचे टाइमआउट बहुतेक वेळा वाजण्याआधीच रद्द होतात, त्यामुळे ही हमाली फुकट जायची. नव्या चक्रात हलवाहलव नाही. बदल्यात लांबचा टायमर थोडा उशिरा वाजू शकतो, वाईटात वाईट मुदतीच्या साधारण आठव्या हिश्श्याने. ‘अगदी वेळेवर वाजेल’ असं सांगणाऱ्या कॉमेंट त्या दिवशी खोट्या पडल्या.

2018 मध्ये 4.15 ने कॉलबॅकची, म्हणजे टायमर वाजल्यावर चालणाऱ्या फंक्शनची, धाटणी बदलली. 2025 च्या 6.15 मध्ये टायमर रद्द करणाऱ्या ‘डेल टायमर सिंक’चं ‘टायमर डिलीट सिंक’ झालं. कोडमध्ये जुनं नाव राहिलं तर कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) तिथंच अडवतो. कॉमेंट तो वाचतच नाही. म्हणून जुन्या कॉमेंटची ही झाडलोट मागाहून, दोन-चार ओळींच्या पॅचने (छोट्या दुरुस्तीने), कुणीतरी वेळ काढून करावी लागते.

सगळंच झाडून टाकू नये, हेही खरं. कर्नल जिफींची मोजणी शून्यापासून सुरू करत नाही. 32 बिटांचा आकडा बूटनंतर पाच मिनिटांतच भरून पुन्हा शून्यावर येईल अशी ती मुद्दाम लावलेली आहे, म्हणजे ड्रायव्हरमधल्या चुका लवकर उघड्या पडतात. हे कारण सांगणारी कॉमेंट पुसली तर पुढचा माणूस तो आकडा ‘दुरुस्त’ करून बसेल.

आमच्या ड्रायव्हरमध्ये आता 50 मिलिसेकंद थेट कोडमध्येच आहेत, जिफींत रूपांतर कर्नल करतो. जुनी कॉमेंट काढली. नवी आहे: ‘व्हॉल्व्ह उघडल्यावर दाब लगेच स्थिर होत नाही.’