इनॅमल डायल: भट्टीतली काच आणि नावाचा घोळ

मनगटी घड्याळाच्या वर्णनात 'ग्राँ फ्यू इनॅमल' (भट्टीत भाजलेला काचेचा थर) हे शब्द आले की किंमत वर सरकते, हे संग्राहकांना ठाऊक आहे. गेल्या दहाबारा वर्षांत हे शब्द इतक्या डायलना लागले की ते नेमके कशाला लावायचे, यावरच वाद उभा राहिला.

आपल्याकडे हा घोळ जुनाच आहे. इनॅमल म्हटलं की दारं-खिडक्यांचा चकचकीत तेलरंग आठवतो. खरं इनॅमल घराघरांत होतं ते निळ्या काठाच्या पांढऱ्या मगात. टवका उडाला की आतलं काळं लोखंड दिसायचं, कारण वरचा थर काचेचा होता. घड्याळाची डायल याच कुळातली, फक्त खाली बहुधा तांबं किंवा सोनं-चांदी. जयपूरचं मीनाकाम हेही सख्खं भावंड.

धातूवर काच वितळवण्याची युक्ती फार जुनी. सायप्रसमध्ये सापडलेल्या अंगठ्या इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातल्या मानतात. घड्याळांपुरतं बोलायचं तर सतराव्या शतकात फ्रान्समधल्या कारागिरांनी इनॅमलवर बारीक चित्रं रंगवायला सुरुवात केली, आणि १६८५ साली तिथल्या प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यावर त्यांच्यातले अनेक कारागीर जिनिव्हात आले. चित्र पूर्ण झाल्यावर त्यावर पारदर्शक काचेचा थर चढवून भाजण्याची रीत जिनिव्हाच्या नावानेच ओळखली जाते.

पुढच्या दोन शतकांत पांढरी इनॅमल डायल ही चैन नव्हती, हे आज विसरलं जातं. खिशातल्या घड्याळाला ती असायचीच, कारण ती पिवळी पडत नसे आणि मंद उजेडातही काळे आकडे स्वच्छ दिसत. डायलवर मुंबई-कलकत्ता अशी नावं छापलेली स्विस घड्याळं ज्यांच्या घरात अजून आहेत, त्यांनी ती उजेडात धरून पाहावीत. यंत्र गंजलेलं असेल, पण पांढरा रंग तसाच असेल. ज्या गोष्टीला आज मखमलीच्या पेटीत ठेवतात ती एकेकाळी रोजच्या वापरातली होती, आणि मला तिचं हेच रूप जास्त मोलाचं वाटतं.

मनगटाने तिचा घात केला. खिशात घड्याळ सुरक्षित असतं, हात मात्र दिवसभर कुठे ना कुठे आपटतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मनगटी घड्याळांना इनॅमल डायल होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी आज केसासारखी चीर घेऊनच हाती येतात. छापील धातूची डायल स्वस्त होती, पातळ होती आणि तडकत नव्हती. तिने बाजार घेतला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९५०च्या दशकात जिनिव्हात सोन्याच्या बारीक तारेने नकाशे, जहाजं, पक्षी आखून त्या कप्प्यांत रंगीत इनॅमल भरलेल्या थोड्या डायल झाल्या. त्यांचा मान पुढे वाढला. १९५०च्या दशकातलं, निळ्या इनॅमलच्या डायलचं, जगभरच्या शहरांची वेळ दाखवणारं एक घड्याळ २०१९ साली हाँगकाँगच्या लिलावात जवळपास ९० लाख डॉलरना गेलं.

मधली वर्षं वाईट होती. १९६९च्या नाताळात टोकियोत बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आलं आणि पुढच्या दीड दशकात स्विस कारखाने एकामागून एक बंद पडले. नेमक्या त्या काळात, १९७२ साली, स्वित्झर्लंडमधल्या ल लॉक्ल गावात इनॅमल डायलची एक छोटी कार्यशाळा सुरू झाली आणि तगली. २०११मध्ये एका घड्याळ कंपनीने ती विकत घेतली, तेव्हा या कलेचं पुनरागमन झाल्याचं इतरांच्या लक्षात आलं. जपानचं पहिलं मनगटी घड्याळ १९१३चं, त्याची डायल इनॅमलची होती. शंभर वर्षांनी तिथे पुन्हा इनॅमल डायल काढल्या गेल्या, आणि काही वर्षांत त्या तुलनेने परवडणाऱ्या किमतीतही मिळू लागल्या. ग्लासगोतल्या एका लहान कार्यशाळेनेही अशीच वाट धरली.

स्वस्त आणि महाग एकाच नावाखाली आले, तिथे नावाची भांडणं सुरू झाली.

'ग्राँ फ्यू' म्हणजे मोठा अग्नी. फ्रेंचमध्ये हा शब्द मातीच्या भांड्यांच्या भट्टीसाठीही चालतो. घड्याळांच्या जाहिरातीत त्याचा अर्थ ८०० अंश सेल्सिअस किंवा त्याच्या आसपास भाजलेलं इनॅमल असा घेतात. काचेची पूड चाळून किंवा फवारून धातूच्या चकतीवर बसवायची, भाजायची, थंड करायची, घासायची आणि पुन्हा तेच. थर एकावर एक चढतात आणि दर खेपेला बुडबुडा, काळा ठिपका किंवा चीर निघून आधीची सगळी मेहनत वाया जाऊ शकते. धातू आणि काच सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून चकती वाकू नये यासाठी मागच्या बाजूलाही इनॅमल द्यावं लागतं. शेवटी आकडे छापून पुन्हा भट्टी.

याच्या शेजारी दुकानदार 'कोल्ड इनॅमल' मांडतात. ते इपॉक्सी नावाच्या कृत्रिम राळेत रंग मिसळून केलेलं असतं, साध्या हवेत किंवा थोड्या उष्णतेत घट्ट होतं. काच त्यात वितळत नाही. दिसायला छान असेल, काम नीट असेल, पण त्याला इनॅमल म्हणणं मला मान्य नाही. लाखेचं किंवा रोगणाचं काम आपल्या नावाने विकलं जातं, मग राळेनेच उसनं नाव का घ्यावं?

या वादात सर्वांत स्पष्ट वाक्य सापडतं ते अनपेक्षित जागी. दागिन्यांतल्या शिशावर मर्यादा घालणारा युरोपीय नियम ऑक्टोबर २०१३पासून लागू झाला. मनगटी घड्याळंही त्यात आली, मर्यादा वजनाच्या ०.०५ टक्के. जुन्या इनॅमलच्या रंगांत बहुधा शिसं असतं, म्हणून इनॅमलला सूट दिली गेली आणि ती देताना व्याख्या करावी लागली: खनिजं किमान ५०० अंशांवर वितळवून, एकजीव करून झालेलं काचमय मिश्रण. नियम संग्राहकांसाठी केलेला नव्हता, तरी राळ त्यातून आपोआप बाहेर पडली.

८००चा आग्रह धरणाऱ्यांना ५००चा आकडा ढिला वाटतो. माझं मत वेगळं आहे. कमी तापमानाला वितळणारं इनॅमलही काचच असतं आणि त्याला भट्टी चुकत नाही. अंशांची चढाओढ जाहिरातीला लागते. ग्राहकाने एवढंच विचारावं: काच वितळली का?

भिंगाखाली उत्तर बरंचसं मिळतं. खऱ्या डायलवर मधल्या छिद्राच्या काठाशी काच किंचित गोलसर वळलेली दिसते आणि पृष्ठभागावर हलकी लहर असते. जुन्या डायलच्या बाबतीत एक गुंता उरतो. चिरा आणि उडालेले टवके बुजवायला दुरुस्ती करणारे हीच राळ वापरतात, आणि ते योग्यही आहे, कारण जुनी डायल पुन्हा भट्टीत घालणं फार धोक्याचं. असं बुजवलेलं काम अतिनील दिव्याखाली बहुधा वेगळं चमकतं. विकणाऱ्याने ते वर्णनात लिहायला हवं. बरेच जण लिहीत नाहीत.